पाण्यात उभा टोमॅटो मान का टाकतो?

मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने फोटोसह विचारलंय : "परतीचा पाऊस दोन दिवस कोसळला. काळं रान, सरीत पाणी तुंबलंय. एवढं पाणी असून टोमॅटोची पानं खाली लोंबलीत. मर आली का? कुठलं बुरशीनाशक सोडू?"

भाऊ, आधी एक झाड उपटून बुडखा उभा चिरा. आत तपकिरी रेघ असेल तर मर समजा. रेघ नसेल, पानं हिरवी आणि ताठ असून फक्त देठ खाली वाकले असतील, तर हा इथिलीनचा कारभार आहे. तोच, केळी पिकवणारा वायू. तो प्रत्येक झाड स्वतःच तयार करतं.

हवेच्या मानाने पाण्यातून वायू सुमारे १०,००० पटीने हळू सरकतो. त्यामुळे चिबडलेल्या रानात मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि मुळांतला इथिलीन बाहेर निघत नाही. त्यात इथिलीन बनवण्याची शेवटची पायरी प्राणवायूशिवाय होत नाही. मग गुदमरलेलं मूळ अर्धवट तयार झालेला माल रसाबरोबर वर पाठवतं. पानात हवा असतेच, तिथे त्याचा इथिलीन होतो. देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा जास्त वाढते आणि पान खाली वळतं. वळलेल्या पानावर ऊन कमी पडतं, पाणीही कमी उडतं. मुळांतही हाच वायू काही पेशी मारून हवेच्या पोकळ्या पाडतो. भाताच्या मुळांत अशा पोकळ्या आधीपासूनच असतात, म्हणून भात पाण्यात तगतो. टोमॅटोची तेवढी तयारी नसते.

तेव्हा औषध नको, कुदळ घ्या. उताराकडे चर काढून आजच पाणी बाहेर काढा. वाफसा येईपर्यंत युरिया टाकू नका, चिखलात त्यातला बराच नत्र हवेत उडून जातो. वाफसा आल्यावर हलकी खुरपणी करा आणि १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला ५ ग्रॅम घेऊन फवारा.

सांगोल्याचा प्रश्न वेगळाच : "दुकानदार म्हणतो, नायट्रिक ऑक्साइडचं टॉनिक मारलं की डाळिंब पाण्याच्या ताणात तग धरतं. घेऊ का?"

दुकानदाराचं अर्धं खरं आहे. पाणी कमी पडलं की झाडात ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं, त्याच्या सांगण्यावरून पानात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि पानावरची बारीक छिद्रं मिटतात. माणसाच्या रक्तवाहिन्या सैल करणारा वायूही हाच. त्या शोधाला १९९८ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही झाड अगदी थोडा तयार करतं, तोही या छिद्रांच्या कामात असतो.

पण प्रयोगशाळेत हे वायू सोडायला वापरतात ती रसायनं शेतातली नव्हेत. सोडियम नायट्रोप्रुसाइड फुटलं की सायनाइड सुटतं. सोडियम हायड्रोसल्फाइडला आम्ल लागलं की निघणारा वायू बंद खोलीत माणूस मारतो. बाटलीवर घटक आणि प्रमाण छापलेलं नसेल तर ती दुकानातच राहू द्या. माझ्या मते तेच पैसे खोडाभोवती उसाच्या पाचटाचं आच्छादन करायला घाला. ओल टिकली तर ताणच कमी बसतो, आणि लागेल तेव्हा झाड आपला वायू आपण बनवतं, तेही फुकट.

बहार धरताना पानगळीसाठी इथेफॉन मारता, तेव्हा मात्र तुम्ही बाहेरून इथिलीनच देत असता. त्याची मात्रा नैसर्गिक पानगळ किती झाली ते पाहून ठरवावी लागते. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची शिफारस आणि लेबल दोन्ही पाहा. इथेफॉन आंबट द्रावणात टिकतं, अल्कधर्मी म्हणजे जास्त सामूच्या (pH) पाण्यात फुटतं. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी तसंच असतं. म्हणून पाण्याचा सामू आधी तपासा आणि द्रावण फवारायच्या वेळीच करा. रात्री कालवून ठेवलं तर वायू टाकीतच सुटून जातो, आणि मग पानं गळली नाहीत म्हणून लोक दुप्पट मात्रा मारतात.