ब्रॅम्प्टनला आल्यावर मुलीला सांभाळणार कोण?

आपण जुळे सोलापुरातून विचारले आहे की, ऑगस्टमध्ये पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) घेऊन पती आणि अडीच वर्षांच्या मुलीसह कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला आल्यावर मुलीला सांभाळणार कोण, आणि त्यासाठी सासूबाईंना लगोलग बोलावून घ्यावे का. मी मूळची होटगी रोडची. नऊ वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा माझा मुलगाही एवढाच होता, म्हणून सविस्तर लिहिते.

सासूबाईंच्या भरवशावर पहिल्या वर्षाचा बेत आखू नका. सुपर व्हिसावर, म्हणजे इथे राहणाऱ्यांच्या आईवडिलांसाठी आणि आजीआजोबांसाठी असलेल्या दीर्घ मुक्कामाच्या व्हिसावर, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते हे खरे. परंतु त्यासाठी बोलावणाऱ्याला ठरावीक किमान उत्पन्न दाखवावे लागते आणि निदान 1,00,000 डॉलरचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. नव्या नोकरीत हे जड जाते.

त्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात घराजवळचे ‘अर्लीऑन’ केंद्र, म्हणजे लहान मुलांनी पालकांसोबत येऊन खेळण्या-शिकण्याची जागा, शोधा. ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओच्या सरकारने 2018 मध्ये आधीचे निरनिराळे उपक्रम या नावाखाली एकत्र आणले. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतची मुले तिथे विनाशुल्क येतात. आपल्या अंगणवाडीचीही वयोमर्यादा तीच. साम्य मात्र तिथेच संपते, हे मला फजिती होऊन कळले. मुलगा खेळण्यांत रमलेला पाहून पहिल्याच दिवशी मी भाजी आणायला निघाले, तर तिथल्या बाईंनी दारातच थांबवले. हे पाळणाघर नव्हे. आई, वडील, आजी किंवा सांभाळणारे कोणीतरी मुलासोबत पूर्ण वेळ थांबलेच पाहिजे. तेव्हा तो नियम मला जाचक वाटला. पुढे लक्षात आले की, मूल खेळत असताना शेजारी बसलेल्या बायकांशी बोलण्यातूनच मला डॉक्टर मिळाला, थंडीचे कपडे स्वस्तात कुठे मिळतात ते समजले, आणि मुलगा उशिरा बोलतोय ही माझी धास्ती तिथल्या प्रशिक्षित ताईंनी शांतपणे ऐकून घेऊन पुढे कोणाला दाखवावे तेही सांगितले.

दोन वर्षांनी माझी आई आली. इंग्रजी येत नाही म्हणून ती केंद्रात कोपऱ्यात पदर सावरून बसायची. एके दिवशी मुले रंगीत कणकेशी खेळत असताना तिने त्यातला गोळा उचलला आणि दोन्ही तळव्यांवर थापून बशीएवढी भाकरी केली. पाच-सहा मुले हात पुढे करून तिच्याभोवती उभी राहिली. त्यानंतर मंगळवारी आणि गुरुवारी माझ्याआधी तीच तयार होऊन बसे.

नोकरी लागताच पाळणाघर लागेल, आणि तिथल्या प्रतीक्षायादीत नाव आजच नोंदवणे शहाणपणाचे. मूल ज्या वर्षी चार वर्षांचे होते, त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून सरकारी शाळेत पूर्ण दिवसाची मोफत बालवाडी मिळते. इथे आल्याबरोबर बालकभत्त्याचा, म्हणजे मुलांसाठी सरकार देते त्या पैशांचा, अर्ज करा. तो भत्ता पुढे चालू राहावा म्हणून उत्पन्न शून्य असले तरी दोघांनीही दरवर्षी आयकर विवरणपत्र भरावे लागते. मुलीचे लसीकरणाचे कार्ड मराठीत असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तारखांसह इंग्रजीत लिहून घ्या आणि ते हातातल्या बॅगेतच ठेवा.