‘प्रेम आहे, पण ओढ नाही’

‘नवऱ्यावर प्रेम आहे, पण त्याच्याबद्दलच काय, कुणाहीबद्दल शरीराची ओढ कधी वाटली नाही. माझ्यात काही बिघाड आहे का?’ 31 वर्षांची, लग्नाला 2 वर्षं झालेली स्त्री हे विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हातात तपासण्यांची फाइल. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सगळं ठीक.

इथे ‘महिन्यातून किती वेळा?’ विचारून फारसं काही हाती लागत नाही. विचारायचं ते ‘कधीपासून?’ ओढ आधी होती आणि ओसरली, तर नैराश्य, त्यावरच्या काही गोळ्या, हार्मोन, संबंधाच्या वेळच्या वेदना, नात्यातला राग हे तपासावं लागतं. हिला मात्र शाळेत मैत्रिणी कुणावर तरी ‘मरायच्या’ तेव्हा त्या नाटक करताहेत असंच वाटायचं. अशा आयुष्यभराच्या अनुभवाला अलैंगिकता हा शब्द आहे. तो समोर ठेवायचा. स्वतःला लावायचा की नाही, हे तिनं ठरवायचं. मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी पुस्तिकेनुसार, म्हणजे 2013 च्या डीएसएम-5 नुसार, इच्छेचा कायमचा अभाव व्यक्तीनं स्वतः सांगितलेल्या अलैंगिक ओळखीतून नीट उलगडत असेल, तर कामेच्छेच्या विकाराचं निदान करत नाहीत.

‘पण एकटी असताना कधीतरी उत्तेजना येते, मग?’ येऊ शकते. उत्तेजना ही शरीराची प्रतिक्रिया. आकर्षणाला समोर कुणीतरी लागतं. काही अलैंगिक माणसांना संबंध नकोसे वाटतात, काहींना त्याचं विशेष काही वाटत नाही, काही जोडीदारासाठी आनंदानं ठेवतात. काहींना क्वचित आकर्षण वाटतं, डेमीसेक्शुअल व्यक्तींना खोल जवळीक झाल्यावरच. काही प्रेमात पडतात, काहींना तीही ओढ नसते.

नवऱ्याचं म्हणणं एकच: ‘तिला मी आवडतच नाही.’ दोघांनी आपल्या परीनं तोडगा काढला होता, दर शनिवारी संबंध. समंजस वाटतो, पण घात या तोडग्यानंच केला. गुरुवारपासून तिच्या पोटात गोळा यायचा. साधी मिठीसुद्धा ती टाळू लागली, कारण मिठी म्हणजे पुढची सुरुवात. त्याला ते झिडकारणं वाटायचं.

आधी शनिवार रद्द. 4 आठवडे संबंध नाहीत. मिठी मारताना ‘इथेच थांबायचं’ हे बोलून दाखवायचं. मग दोघांनी वेगवेगळं बसून 3 रकाने भरायचे: चालेल, नको, आधी विचार. ‘चालेल’ही मध्येच मागे घेता येतं, हे सुरुवातीलाच ठरलेलं. तिच्या ‘चालेल’मध्ये चुंबन होतं. ते तिला नकोसं असतं असं तो 2 वर्षं समजत होता!

मिठ्या परतल्या. त्याची शारीरिक गरज मात्र तशीच आहे, आणि ती खोटी ठरवून चालणार नाही. काही जोडपी अधूनमधून, दोघांच्या खुशीनं संबंध ठेवतात. काही एकट्यानं भागवतात. काही सामोपचारानं वेगळी होतात. या दोघांचं अजून ठरलेलं नाही. पुढच्या भेटीला तो एकटा येणार आहे.