उपडा धरलेला पाण्याचा पेला सांडतो, मग मऊ जेल का टिकते?

आपण विचारले आहे की, जड द्रव हलक्या द्रवावर असला की दोहोंमधले सीमापृष्ठ मोडते, तर श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) आणि स्थितिस्थापकता (मूळ आकारात परतण्याची लवचिकता) दोन्ही असलेल्या पदार्थांतही तसेच घडते का. घडते, पण तो पदार्थ दीर्घ काळानंतरही थोडा ताठपणा राखतो की सगळा ताण सोडून देतो, यावर सारे अवलंबून आहे.

आधी पाणी घेऊ. पेल्यावर कागद ठेवून तो उपडा धरण्याचा प्रयोग आपण शाळेत पाहिला असेल. हवेचा दाब सुमारे 10 मीटर उंचीचे पाणी तोलू शकतो, त्यामुळे पेलाभर पाण्याचा भार त्याला काहीच नाही. कागदाचे खरे काम पृष्ठभाग सपाट ठेवण्याचे असते. तो काढताच बारीकशी लहर वाढू लागते आणि पाणी सांडते. सुमारे 1.7 सेंटिमीटरहून आखूड लहरींना पृष्ठताण दाबून टाकतो, म्हणूनच अरुंद नळीतले पाणी उपडे धरूनही राहते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रेले यांनी 1883 मध्ये आणि टेलर यांनी 1950 मध्ये मांडलेली अस्थिरता ती हीच.

जेलमध्ये ही राखण लवचिकता करते. आखूड लहर उठवायला फार ऊर्जा लागते. लांब लहरही महाग पडते, कारण जेल भांड्याच्या तळाला चिकटलेले असते. सर्वांत कमकुवत ठरते ती थराच्या जाडीच्या साधारण तिप्पट तरंगलांबी. सर्ज मोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये पॉलिअॅक्रिलामाइडचे अतिमऊ जेल उपडे धरून दाखवले की घनता, गुरुत्वत्वरण आणि जाडी यांचा गुणाकार शिअर मॉड्युलसच्या (जेलच्या ताठपणाचे माप) सुमारे सहापट होईपर्यंत पृष्ठभाग सपाट राहतो. त्यापलीकडे त्यावर उंचवट्यांची नक्षी उमटते आणि तशीच स्थिरावते. मॉड्युलस 40 पास्कल असेल तर ही मर्यादा जेमतेम अडीच सेंटिमीटर जाडीला येते. द्रवासारखे कोसळणे नाही, तर नव्या आकारात थांबणे, हा भाग मला या विषयात सर्वांत सुंदर वाटतो.

जोडबंध (रेणूंना एकमेकांशी कायम बांधणारे बंध) नसलेल्या, केवळ गुंतलेल्या लांब रेणूंच्या द्रावणात मात्र असा कायमचा आधार नसतो. तिथे ताण ठरावीक काळात ओसरतो, त्याला शिथिलन काळ म्हणतात; म्हणून सहापटीच्या मर्यादेखालीही अस्थिरता टळत नाही, फक्त लांबते. जडत्व आणि पृष्ठताण सोडून दिले, तर भार (म्हणजे वरचा गुणाकार) त्या मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याइतका असताना लहर वाढण्याचा काळ शिथिलन काळाच्या नऊपट येतो; भार मर्यादेजवळ जाताच तो झपाट्याने शून्याकडे झुकतो.

भूगर्भातले सैंधव असेच अतिशय सावकाश वाहते. त्याची घनता दर घनमीटरला सुमारे 2200 किलोग्रॅम असते, आणि वरचा गाळ खोलीबरोबर दबून त्याहून जड होतो. टेक्सासच्या किनारपट्टीतले आणि इराणच्या झाग्रोस पर्वतातले मिठाचे घुमट याच तत्त्वाने समजावले जात. माझ्या मते ते स्पष्टीकरण अपुरे आहे, कारण वरचा खडक स्वतः ठिसूळ आणि मजबूत असतो. गाळाचा असमान भार आणि ताणाने उघडलेल्या भेगा यांनी वाट दिल्याशिवाय मीठ सहसा वर येत नाही.

आपल्या पदार्थासाठी रिओमीटरवर (पदार्थाचा ताठपणा आणि वाहणे मोजणारे उपकरण) कमी वारंवारतेला, म्हणजे सावकाश हेलकावे देऊन, मॉड्युलस मोजावा. तो एका पातळीवर स्थिरावला, तर तीच किंमत सहापटीच्या नियमात घालावी. घसरतच राहिला, तर जाडीची सुरक्षित मर्यादा न शोधता किती वेळ मिळेल याचे गणित करावे.