नवं मशीन घ्यावं की सेटअपचा वेळ वाचवावा?

प्रश्न : भोसरीत आमचं सीएनसी टर्निंगचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर धातूचे भाग कातायचं, छोटं वर्कशॉप आहे. दोन्ही पाळ्या भरलेल्या, तरी महिनाअखेरीस हातात पैसा उरत नाही. वडील म्हणतात, नगामागे जास्त सुटतात तेच जॉब घेऊ. मी मेकॅनिकल इंजिनिअर. मला वाटतं, कर्ज काढून आणखी एक मशीन घ्यावं. काय करावं?

उत्तर : आधी मशीनच्या एका मिनिटाला किती सुटतात ते काढा. दरातून माल, इन्सर्ट (झिजली की बदलायची कापणारी टोकं) आणि बाहेरचं प्लेटिंग वजा करा. पगार आणि भाडं इथे धरू नका; कोणताही जॉब लावला तरी ते तेवढंच जातं.

समजा, तुमच्या दोन जॉबपैकी फ्लँजला ८० रुपये सुटतात, सायकल (एक नग करायचा वेळ) ८ मिनिटं. बुशला ३६ रुपये, सायकल ३ मिनिटं. मिनिटाला फ्लँज १० रुपये, बुश १२. पण बुशचा लॉट (एका वेळी सलग केलेले नग) ५० चा आणि सेटअप, म्हणजे जॉब बदलताना मशीन तयार करायचा वेळ, ९० मिनिटांचा असेल, तर प्रत्येक नगावर १.८ मिनिटं चढतात आणि बुश साडेसातवर येतो. तेवढ्याच सेटअपने २०० च्या लॉटमध्ये फ्लँज मात्र साडेनऊच्या आसपास टिकतो. सेटअप ३० मिनिटांवर आणलात, तर तोच ५० चा बुश १० रुपये देतो आणि फ्लँजच्या पुढे जातो. लॉट मोठा करूनही हे साधतं, पण मग पैसा रॅकवर पडून राहतो. तुमची तक्रार नेमकी तीच आहे.

म्हणून एका पूर्ण सेटअपचं मोबाइलवर चित्रीकरण करा. मशीन थांबलेलं असताना ऑपरेटर जे शोधतो, आणतो, घासतो ते सगळं आधीचा जॉब चालू असतानाच व्हायला हवं : टूल होल्डर, प्रोग्राम, गेज, सॉफ्ट जॉ (नग पकडणारे, त्याच्या मापाला कातलेले जबडे) एका ट्रॉलीवर. जॉ एकदा बोअर केले की जॉबचा नंबर घालून ठेवा. अनेक ठिकाणी बराच वेळ पहिल्या नगाची तपासणी होईपर्यंत जातो. क्वालिटीचा माणूस दुसऱ्या शेडमध्ये असतो. ऑपरेटरलाच मायक्रोमीटर आणि सहीचा अधिकार द्या. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी टोयोटात १००० टनी प्रेसचा डाय (साचा) बदलण्याचा वेळ ४ तासांवरून आधी ९० आणि मग ३ मिनिटांवर आणला, तो याच वाटेने.

महिन्याला ४० सेटअप होत असतील आणि प्रत्येकी ६० मिनिटं वाचली, तर २४०० मिनिटं मोकळी होतात. मिनिटाला १० रुपये धरले तर २४,००० रुपये, तेही ऑर्डर रांगेत असतील तरच.

उधारीही तपासा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, करार नसेल तर १५ दिवसांत.

सेटअप सुधारून तीन महिने झाल्यावरही ऑर्डर परत जात असतील, तर मशीनचं कोटेशन मागवा आणि हप्त्याला मिनिटाच्या रुपयांनी भागून पाहा : तेवढी मिनिटं दर महिन्याला भरतील का?