हनुवटीच्या जॉयस्टिकचा स्विंग-अवे माउंट मेडिकेअरने नाकारला, आता काय करायचं?

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती अशी: सासऱ्यांना एएलएस (स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार) आहे, अमेरिकेत न्यू जर्सीत राहतात, ओरिजिनल मेडिकेअर (अमेरिकन सरकार थेट चालवतं तो आरोग्यविमा) आहे. गट ३ ची (मेडिकेअरच्या वर्गवारीतली, गुंतागुंतीच्या गरजांसाठीची) पॉवर व्हीलचेअर आणि हनुवटीने चालवायची जॉयस्टिक दोन्ही मंजूर झालं. ती जॉयस्टिक तोंडासमोरून बाजूला वळवणाऱ्या माउंटचा क्लेम तेवढा नाकारला गेला. सप्लायरचं (खुर्ची पुरवणाऱ्या कंपनीचं) म्हणणं, माउंट जॉयस्टिकमध्येच धरलेला असतो, वेगळे पैसे मिळत नाहीत, म्हणून ते तुम्ही भरा.

हे म्हणणं स्वतःशीच जुळत नाही. माउंट खरोखर जॉयस्टिकच्या कोडमध्ये (बिलात प्रत्येक वस्तूला लागणाऱ्या क्रमांकात) धरलेला असेल, तर मेडिकेअरचा दर मान्य करून क्लेम लावणाऱ्या सप्लायरला तो पेशंटकडून वेगळा वसूल करता येत नाही. धरलेला नसेल, तर तो वेगळ्या कोडने मेडिकेअरकडेच मागायला हवा. दोन्ही बाजूंनी तुमच्यावर सरळ बिल येत नाही. हे ठरेपर्यंत चेक देऊ नका.

आता कोडचं बघू. व्हीलचेअरच्या कंट्रोलचे कोड वाचताना वर्णनाचा शेवट नीट वाचायचा, कारण माउंटचं उत्तर तिथेच असतं. तुमची कॉम्पॅक्ट रिमोट जॉयस्टिक, हाताची असो की हनुवटीची, ई२३७३ मध्ये येते आणि त्याच्या वर्णनात शेवटी 'फिक्स्ड माउंटिंग हार्डवेअर' धरलेलं आहे. म्हणजे जागेवर घट्ट बसणारा ब्रॅकेट त्यात आला, वळणारा नाही. मिनी-प्रपोर्शनल जॉयस्टिक (ई२३१२) आणि हेड कंट्रोलचे ई२३२७ ते ई२३३० यांचंही तसंच. अपवाद सिप-अँड-पफचा (नळीतून श्वास ओढून-फुंकून खुर्ची चालवायच्या कंट्रोलचा). ई२३२५ च्या वर्णनात हाताने वळवायचा स्विंग-अवे माउंट आधीच धरलेला आहे, त्यामुळे त्याच्यावर वेगळा माउंट लावला की तो नाकारला जाणारच, आणि ते बरोबरच आहे. सप्लायरच्या बिलिंगवाल्यांनी बहुधा सिप-अँड-पफचा नियम हनुवटीच्या जॉयस्टिकला लावला असावा. हनुवटीचा कप (ई२३२४) वेगळा असतो, त्याचा या माउंटशी संबंध नाही.

वळणाऱ्या, मागे सरकणाऱ्या किंवा काढता येणाऱ्या माउंटसाठी वर्षानुवर्षं एकच कोड होता, ई१०२८. २०२५ मध्ये त्याची फोड झाली: जॉयस्टिक किंवा इतर ड्राइव्ह कंट्रोलसाठी ई१०३२, हेडरेस्टसाठी ई१०३३, धडाच्या किंवा कमरेच्या बाजूच्या आधारासाठी ई१०३४, आणि ई१०२८ उरला 'इतर' साठी. म्हणून पहिलं काम हे, की खुर्ची घरी पोचल्याची तारीख पाहा आणि त्या दिवशी लागू असलेलाच कोड लावला होता का ते विचारा. जुन्या टेम्प्लेटमधून ई१०२८ तसाच पुढे जाणं ही अगदी साधी चूक आहे. शिवाय हे सगळे कोड हाताने वळवायच्या माउंटचे आहेत. मोटरवर वळणारा असेल तर ते लागत नाहीत.

मग सप्लायरकडून रेमिटन्स ॲडव्हाइसची (क्लेमचं काय झालं हे मेडिकेअर सप्लायरला कळवतं त्या कागदाची) प्रत मागा. तुमच्याकडे येणाऱ्या मेडिकेअर समरी नोटिसमध्ये सोप्या भाषेतलं कारण असतं, खरा कोड रेमिटन्सवर असतो. सीओ-९७ म्हणजे 'दुसऱ्या वस्तूत समाविष्ट', सीओ-१६ म्हणजे माहिती अपुरी किंवा चुकीची, सीओ-५० म्हणजे वैद्यकीय गरज सिद्ध झाली नाही. 'सीओ' असेल तर रक्कम सप्लायरच्या माथी, 'पीआर' असेल तर पेशंटच्या. समरी नोटिसमध्येही तुम्हाला जास्तीत जास्त किती बिल येऊ शकतं याचा वेगळा रकाना असतो. तिथे शून्य असेल तर वाद तिथेच संपला.

कारणानुसार वाट बदलते, आणि इथे लोक महिनेच्या महिने घालवतात. सीओ-१६ ने परत आलेल्या क्लेमवर अपील होतच नाही. दुरुस्त करून नव्याने पाठवायचा, वस्तू दिल्यापासून १२ महिन्यांच्या आत. चुकीचा कोड किंवा मॉडिफायर (कोडला जोडायची दोन अक्षरं) अशी कारकुनी चूक असेल तर सप्लायर रीओपनिंग (क्लेम पुन्हा उघडून दुरुस्ती) मागू शकतो, त्याला वर्षभर मुदत असते. गरजेवरून नाकारलं असेल तर रीडिटर्मिनेशन (अपिलाची पहिली पायरी), निर्णय मिळाल्यापासून १२० दिवसांत. न्यू जर्सी मेडिकेअरच्या डीएमई (घरी वापरायची वैद्यकीय उपकरणं) विभाग ए मध्ये येतं आणि तिथलं काम नोरिडियन ही कंत्राटदार कंपनी पाहते. हे अपील पेशंट स्वतःही करू शकतो, सप्लायरची वाट पाहावी लागत नाही. सासऱ्यांच्या वतीने तुम्ही करणार असाल तर प्रतिनिधी नेमण्याचा फॉर्म सीएमएस-१६९६ त्यांच्या सहीने जोडा. सही करणं कठीण होत असेल तर ते आजच उरकून घ्या.

आता कागदांबद्दल, कारण गरजेवरून नकार आला तर सगळं यांवरच ठरतं. मेडिकेअरच्या धोरणात स्पष्ट लिहिलंय की स्विंग-अवे माउंटचा मुख्य हेतू टेबलाच्या किंवा तशा पृष्ठभागाच्या जवळ जाता यावं हा असेल तर तो कव्हर होत नाही. थेरपिस्ट चांगल्या मनाने लिहितात, 'कुटुंबासोबत जेवणाच्या टेबलाशी बसता यावं म्हणून', आणि त्या एका वाक्याने क्लेम पडतो. तुमच्या बाबतीत खरं कारण त्याहून कितीतरी मोठं आहे: हनुवटीची जॉयस्टिक चेहऱ्यासमोर असते, ती बाजूला केल्याशिवाय माणसाला लिफ्टच्या झोळीने खुर्चीतून उचलताच येत नाही. तोंडाची सफाई, सक्शन, बायपॅपचा (श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा) मास्क लावणं, भरवणं, यातलं जे सासऱ्यांना प्रत्यक्ष लागतं ते आणि तेवढंच लिहा.

ओटी किंवा पीटीच्या (ऑक्युपेशनल किंवा फिजिकल थेरपिस्टच्या) मूल्यमापनात नेमकं असं यायला हवं: दिवसात किती वेळा ट्रान्सफर होतो आणि कसा, माउंट कोण वळवतं, फिक्स्ड ब्रॅकेट ठेवला तर नक्की काय अडतं. 'सुरक्षिततेसाठी आवश्यक' एवढंच लिहिलं तर त्याचा उपयोग होत नाही. त्या अहवालावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सहमतीची सही आणि तारीख घालावी. मूल्यमापन करणाऱ्या थेरपिस्टचा सप्लायरशी आर्थिक संबंध नसावा. सप्लायरने स्वतः टाइप करून डॉक्टरांची सही घेतलेलं पत्र वैद्यकीय नोंदीत धरलं जात नाही, कितीही सुंदर लिहिलेलं असलं तरी. डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरमध्येही माउंट वेगळ्या ओळीत असायला हवा. नुसतं 'पॉवर व्हीलचेअर व ॲक्सेसरीज' लिहिलेलं असेल तर वेगळ्या बिलाच्या वस्तूंना आधार उरत नाही.

सप्लायरने वस्तू देण्याआधी एबीएनवर ('मेडिकेअरने पैसे दिले नाहीत तर मी भरेन' अशा आगाऊ सूचनेच्या फॉर्मवर) तुमची सही घेतली होती का, हेही आठवा. गरजेवरून नकार आला आणि एबीएन नसेल, तर पैसे मागण्याचा हक्क सप्लायरला सहसा राहत नाही. टेबलाच्या कारणावरून नकार असेल तर मात्र एबीएनशिवायही रक्कम पेशंटवर येऊ शकते. त्या वाक्याची इतकी भीती बाळगायची ती यासाठीच.

मंजूर झालं तर पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर आणि उपकरणांचा खर्च देणारा भाग) ठरलेल्या दराच्या ८० टक्के देतं. २०२५ चं डिडक्टिबल (वर्षाला आधी स्वतः भरायची रक्कम) २५७ डॉलर होतं, ते खुर्चीच्या बिलातच भरलं गेलं असणार. उरलेले २० टक्के मेडिगॅप (खाजगी पूरक विमा) किंवा मेडिकेडकडे (कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी योजना) जातात. पुढे मेडिकेअर ॲडव्हांटेज (खाजगी कंपनीमार्फतचा मेडिकेअर प्लॅन) घ्यायचा विचार असेल तर त्या प्लॅनलाही ओरिजिनल मेडिकेअर जे देतं ते द्यावंच लागतं, पण आधी मंजुरी आणि नेटवर्कमधला सप्लायर या दोन अटी येतात. एएलएसमध्ये कंट्रोल बदलत जातात, प्रत्येक बदलाला नवी मंजुरी मागत बसणं जड जातं.

आणखी एक, कारण पुढे हे लागेल. डोळ्यांनी चालणारं बोलण्याचं यंत्र खुर्चीवर बसवायचं झालं तर त्याच्या माउंटचा कोड ई२५१२ आहे, तो बोलण्याच्या यंत्रासोबत मागायचा. त्याला ई१०२८ किंवा ई१०३२ लावला तर नाकारला जाईल. धडाचे बाजूचे आधार वळणारे घेतलेत तर डावा आणि उजवा वेगवेगळ्या ओळींवर, एलटी (डावा) आणि आरटी (उजवा) मॉडिफायरसह, प्रत्येकी एक नग असाच क्लेम जायला हवा. एका ओळीत दोन नग टाकले की परत येतो.

रेमिटन्सवरचा कोड हातात आला की तो इथे लिहा, ऑर्डरची तारीख आणि डिलिव्हरीची तारीखही. रीओपनिंग की अपील, हे त्यावरून लगेच सांगता येईल.