आधी साल ठरव, मग इंजिन

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. आगगाडीच्या मॉडेलसाठी पाठवलेली तुझी यादी वाचली. डिझेलची वायडीएम-४ आणि डब्ल्यूडीएम-२ इंजिनं हवीत, भोर घाटातला तो जुना विजेवरचा ‘खेकडा’ हवा आणि शिवाय आजचं विजेचं डब्ल्यूएपी-७. सगळी एकाच टेबलावर. तुझी हौस कळते मला, पण ही यादी तूर्त बाजूला ठेव. आधी एक जागा आणि एक साल ठरव. इंजिन कुठलं, ते त्यावरून आपोआप ठरेल.

आपलं गोव्यातलं, घाटाच्या पायथ्याचं कुळे स्टेशनच घे. १९८५ सालचं कुळे बनवलंस तर रूळ मीटरगेजचे, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर, डबे तांबडे, इंजिन वायडीएम-४. २००५ सालचं बनवलंस तर रूळ जास्त रुंद ब्रॉडगेजचे, डबे निळे आणि घाट चढणाऱ्या मालगाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून रेटणारी इंजिनं, लागलेले. करमळी २०२३ म्हणालास तर डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार आणि तिच्याखाली डब्ल्यूएपी-७. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, त्याआधीच्या मडगावात विजेचं इंजिन उभं केलंस तर जाणकार पहिल्या नजरेत ओळखेल. खेकड्याचं तर गोव्याशी नातंच नाही. तो मुंबई-पुणे मार्गावरच्या १५०० व्होल्ट डीसी तारेखाली चालायचा. मुंबईला गेलास की नेहरू विज्ञान केंद्रात ठेवलाय तो मन भरून बघ, पण कुळ्याला आणू नकोस.

मला विचारशील तर मीटरगेज घे. याला एक हिशेबाचं कारण आहे. एचओ म्हणजे मॉडेलचं १:८७ हे प्रमाण. त्याचा नेहमीचा ट्रॅक १६.५ मिलिमीटर रुंद, कारण तो परदेशातल्या १४३५ मिलिमीटर गेजवर बेतलेला. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. त्याला ८७ ने भाग, १९ मिलिमीटरच्या थोडं वर येतं. म्हणून डब्ल्यूडीएम-२ कितीही सुबक केलंस तरी समोरून बघताना चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. मीटरगेजचे मात्र १००० भागिले ८७, म्हणजे साडेअकरा. बारा मिलिमीटरचा ट्रॅक परदेशी कंपन्या बनवतात. अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही, आणि आपल्या जुन्या गाडीचं ते अरुंद रुळांवरचं डौलदार रूप जसंच्या तसं उतरतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुरगावहून निघालेला हा मार्ग १८८८ सालचा. पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ गोव्यात रेल्वे म्हणजे हे मीटरगेजच. शेवटच्या काळात मुंबईहून येणारा माणूस मिरजेला उतरून छोट्या गाडीत बसायचा आणि लोंढ्यावरून वास्कोला यायचा. नव्वदीच्या दशकात ते रूळ उखडले गेले. त्या गाडीने प्रवास केलेली, त्या मार्गावर राबलेली माणसं सावर्डे-कुळ्याकडे अजून आहेत. त्यांच्या अंगणात जाऊन बस, वही घेऊन. फलाट किती उंच होता, पाण्याची टाकी कुठे होती, कौलं कुठली होती, सगळं विचार. हे काम आत्ताच करायला हवं, इंजिन दोन वर्षांनीही होईल.

मोजमापं घेताना एक पथ्य पाळ. जे काही बघायचं ते फलाटावरून. दूधसागरच्या वाटेवर रुळांवरून चालायला बंदी आहे आणि त्या वळणांवर गाडी दिसायच्या आत अंगावर येते.

आता घाट. घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपासून कुळ्यापर्यंत हा उतार ३७ ला १. म्हणजे तुझ्या टेबलावर एक मीटर लांबीला २७ मिलिमीटर चढ. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायला सात सेंटीमीटर उंची लागते असं धरलं तर अडीच मीटरच्या वर लांबी हवी. खोलीत तेवढी जागा नसेल तर घाटाचा मोह सोड आणि फक्त कुळे स्टेशन बनव. जागा असेल तर पुढे आणि मागे अशी दोन इंजिनं लाव, मात्र दोघांचा वेग तंतोतंत जुळव. मागचं जरा जोरात रेटू लागलं की वळणावर मधला हलका डबा रुळावरून उतरतो. डब्यांच्या पोटात शिशाचं वजन घाल. आणि हळू चालव. घाटात गाडी ताशी ३० किलोमीटरने चढते असं धर, तर टेबलावर सेकंदाला जेमतेम दहा सेंटीमीटर. बहुतेक लोक खेळण्यासारखी पळवतात, तिथे सगळी मेहनत वाया जाते.

धूर रंगवताना कारण लक्षात ठेव. वायडीएम-४ सारख्या अल्को बनावटीच्या इंजिनाला थ्रॉटल दिला की डिझेल लगेच जास्त जातं, पण हवा रेटणाऱ्या टर्बोला गती घ्यायला वेळ लागतो. तेवढ्यात हवा कमी पडते आणि अर्धवट जळलेलं डिझेल काळ्या लोटाने बाहेर येतं. त्यामुळे काजळी धुराड्याच्या भोवती आणि मागच्या छपरावर, बाजूंवर विरळ. खालच्या बोगीला, म्हणजे चाकांच्या सांगाड्याला, मात्र तांबडी धूळ. ती जांभ्याचीच वापर. दगड कुटून मलमलीतून गाळ आणि वाळलेल्या भुकटीतून लोहचुंबक चार वेळा फिरव. आपल्या मातीतले लोखंडाचे कण मोटरच्या चुंबकाला चिकटले की मोटर गेलीच म्हणून समज.

पाऊस विसरू नकोस. प्लायवूडला वरून, खालून आणि कडांना, सगळीकडून रंगाचा हात दे, नाहीतर जुलैत फुगतं. रुळांच्या सांध्यात बारीक फट ठेव. वीज सांध्यांच्या भरवशावर सोडू नकोस, प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी तार डागून जोड. रूळ पुसायला कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, पॉलिश पेपर कधीच नाही, त्याच्या चरांत मळ बसतो.

हात तुझा तयार आहेच. वाड्यावर नरकासुराचा सांगाडा उभा करणाऱ्याला तार आणि कागदाचा लगदा काय शिकवायचा? डोंगर त्याच पद्धतीने कर. सुरुवात मात्र इंजिनाने नको, एका मालडब्याने कर, प्लास्टिकच्या पत्र्यातून, स्वतः कापून. चवथीला घरी येशील तेव्हा तो डबा आणि म्हाताऱ्यांकडून लिहून घेतलेली वही, दोन्ही घेऊन ये. १२ मिलिमीटरच्या ट्रॅकचे काही तुकडे माझ्याकडे आहेत, ते तुला देतो.

तुझा,
काका