थेंबभर तेलावर फिरणारी चकती

विचारा तर खरं : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मालवणात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग कॉपी होत असताना वायर कोणाच्या तरी पायात आली आणि एक टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क टेबलावरून खाली पडली. आता जोडली की 'टीं... टीं... टीं' असा बारीक आवाज करते आणि गप्प बसते. भाचा म्हणतो, आतलं बेअरिंग धरलंय, शिलाई मशीनचं तेल सोडू या. मित्र म्हणतो, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. नवरीच्या बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. काय करू? (एक फोटोग्राफर, मालवण)

उत्तर : आधी ती वायर काढा. पुढचं नंतर वाचा.

काढलीत? आता सांगते. तो आवाज मोटरचा आहे. मोटर आतली चकती, जिच्यावर सगळा डेटा लिहिलेला असतो ती, हलवायला बघते, चकती हलत नाही, मोटर दम सोडते आणि पुन्हा जोर लावते. याची कारणं दोन असू शकतात. एक म्हणजे वाचणारं हेड चकतीवरच चिकटून बसलं असेल. दुसरं म्हणजे तुमचा भाचा म्हणतो ते. लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका गाळ्यात मी सतरा वर्षं मेलेल्या डिस्कांतून डेटा काढायचं काम केलं. पडलेल्या छोट्या डिस्कांत मला चिकटलेलं हेड जास्त वेळा सापडलं, धरलेलं बेअरिंग कमी. पण बाहेरून ऐकून दोन्हीतला फरक मलाही छातीठोक सांगता येत नसे. त्यासाठी धूळमुक्त कपाटात झाकण उघडावं लागतं आणि हातमोज्याच्या बोटाने मधला हब हलकेच ढकलून बघावा लागतो. चांगलं बेअरिंग असेल तर हब जडसर, तेलकट फिरतो आणि बोट काढलं की लगेच थांबतो. धरलेलं असेल तर भिंत ढकलल्यासारखं वाटतं. ते एकदा बोटाला कळलं की विसरत नाही.

आता तेल. या मोटरीच्या बेअरिंगमध्ये छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, नाहीत. पेन्सिलीहून बारीक दांडा एका बाहीत फिरतो. दोघांमधली फट काही मायक्रॉनची, म्हणजे आपला केस त्या फटीत आडवा घातला तर मावणार नाही, दहापटीने वगैरे जाड पडेल. त्या फटीत जेमतेम एखाद-दुसरा थेंब तेल कारखान्यातच भरलेलं असतं. डिस्क पडली त्या क्षणी चकत्यांचं सगळं वजन त्या दांड्यावर आदळलं. दांडा बाहीला टेकला, धातूला धातू घासला आणि फिरता फिरता तिथेच चिकटला, असं होऊ शकतं. वरून सोडलेलं शिलाई मशीनचं तेल त्या फटीपर्यंत पोचणार नाही. ते पोचेल चकतीवर, म्हणजे लग्नावर.

फ्रीजरचा सल्ला तर मला इतक्या जणांनी सांगितलाय की वाटतं, हा कुठल्या तरी आजीच्या बटव्यातूनच निघाला असावा. थंडीने तेल घट्ट होतं, म्हणजे फिरायला उलट अवघड. आणि मालवणच्या हवेत फ्रीजमधून काढलेल्या सोलकढीच्या ग्लासावर पाच मिनिटांत काय जमतं ते तुम्ही रोज बघता. तेच आत चकतीवर जमेल.

डिस्क जशी आहे तशी कापडात गुंडाळून डेटा काढणाऱ्या चांगल्या माणसाकडे द्या. बेअरिंगच धरलं असेल तर चकत्या उचलून त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कच्या मोटरवर बसवाव्या लागतात. दोन चकत्या असतील तर उचलताना त्या एकमेकींच्या तुलनेत तसूभरही फिरता कामा नयेत. हे घरी करायचं काम नाही. आणि कॅमेऱ्याचं कार्ड? त्यावर नवं काही शूट केलं नसेल तर ते आत्ताच बाजूला काढून ठेवा, डिलीट केलं असलं तरीही. त्यातून बरंच परत येतं. नवरीच्या बाबांना आजच सांगा. उद्या सांगणं आजच्याहून सोपं नसतं.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की हल्लीच्या हार्ड डिस्कच्या मोटरीत दांडा तेलावर तरंगतो. मी हर्णै बंदरात ३० वर्षं बोटींची इंजिनं खोलतो. क्रँक तेलावर चालतो हे मला शिकवू नका, पण तिथे ऑईल पंप आहे. या डिस्कमध्ये पंप कुठे आहे? आणि चांगले छर्रे सोडून हा उपद्व्याप कशाला? (एक मिस्त्री, हर्णै)

उत्तर : मिस्त्री, तुम्हाला शिकवायची माझी छाती नाही. मी आंजर्ल्यात राहते, खाडीच्या अलीकडे, तेव्हा उद्या तुमच्या दारात उभं राहायचंय. पण एक विचारते. तुमच्या ऑईल प्रेशरच्या काट्यावर तीन-चार किलो दिसतात ना? आणि पिस्टनवर स्फोट झाला की मेन बेअरिंगवर येणारा भार? तो तीन-चार किलोच्या तेलाने कसा पेलला जाईल? पंप फक्त तेल दारापर्यंत पोचवतो. क्रँकला उचलून धरणारा दाब क्रँक स्वतः फिरून तयार करतो, आणि तो काट्यावरच्या आकड्याच्या कित्येक पटींनी जास्त असतो.

हे पहिल्यांदा कळलं तेही चुकूनच. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशां टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. वरून तेल सोडायला त्याने बेअरिंगला भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी उसळून बाहेर यायला लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. मग त्याने तिथे दाबमापक लावला, तर बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीहून जास्त दाब दिसला आणि काटा शेवटच्या रेघेपलीकडे गेला. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्यामागचं गणित मांडलं. आस किंचित एका बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद होते. फिरता आस चिकट तेलाला ओढत त्या अरुंद टोकात कोंबतो, आणि कोंबलेलं तेल त्याला उचलून धरतं. पावसात हायवेवर साचलेल्या पाण्यावरून जोरात जाताना गाडीचं चाक रस्ता सोडतं ते याच न्यायाने. तिथे तो अपघात आहे, बेअरिंगमध्ये तो धंदा आहे.

डिस्कच्या मोटरीत एक अडचण असते. दांडा बाहीच्या अगदी मध्यावर फिरायला हवा, एका बाजूला कलून चालत नाही. मध्यावर असला की अरुंद टोकच उरत नाही, दाब तयार होत नाही आणि दांडा डुलायला लागतो. म्हणून बाहीच्या आतल्या अंगावर बारीक खाचा कोरतात. त्या दोन-चार मायक्रॉन खोल असतात आणि त्यांचा आकार थेट बांगड्याच्या काट्यासारखा, एकापुढे एक बाणाची टोकं. तुमचा पंप तो हाच. रापण ओढताना किनाऱ्यावर दोन्हीकडून माणसं दोर खेचतात आणि मासळी मधल्या झोळीत गोळा होते ना, तसा या खाचांचा प्रत्येक बाण दोन्ही बाजूंचं तेल आपल्या टोकाकडे खेचतो. दांड्याभोवती सगळीकडून सारखा दाब उभा राहतो आणि दांडा मधोमध धरला जातो. अशाच खाचा दांड्याच्या टोकाशी असलेल्या थाळीवरही असतात. त्या चकत्यांना खाली-वर सरकू देत नाहीत. मोटर उलटी फिरवली तर हेच बाण तेल बाहेर ढकलतील, म्हणून हे बेअरिंग एकाच दिशेचं.

आता छर्रे का सोडले. छर्रा कितीही गोल केला तरी तो पूर्ण गोल नसतो. प्रत्येकाचा थोडा वेगळा. त्यांचा पिंजराही दांड्याच्या वेगाशी न जुळणाऱ्या वेगाने फिरतो. त्यामुळे दर फेऱ्याला चकती निराळ्या जागी डुलते. दर फेऱ्याला सारखीच डुलली असती तर हेडला ते डुलणं पाठ झालं असतं. रोजच्या रस्त्यावरचा खड्डा एसटीच्या ड्रायव्हरला पाठ असतोच की. आडवी येणारी म्हैस मात्र पाठ करता येत नाही. हे न जुळणारं डुलणं तेलाच्या बेअरिंगमध्ये सुमारे दहापटीने कमी असतं. हल्लीच्या डिस्कमधली डेटाची एक ओळ १०० नॅनोमीटरहूनही अरुंद, तेव्हा म्हैस परवडतच नाही. शिवाय छर्रा टेकतो एका बिंदूवर. दणका बसला की खालच्या कडीला खळगा पडतो आणि मग डिस्क शिट्टी घालत फिरते. तेल तोच दणका सगळ्या अंगावर वाटून घेतं.

१९५६ च्या आयबीएमच्या पहिल्या डिस्कमध्ये २४ इंची ५० चकत्या मिनिटाला १२०० फेरे घेत होत्या. तिथे हे लाड नव्हते. १९९२ मध्ये सीगेट कंपनीची बॅराकुडा ही डिस्क ७२०० फेऱ्यांवर गेली. त्या वेगाने साडेतीन इंची डिस्कची कड ताशी जवळजवळ १३० किलोमीटरने धावते. घरच्या कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये तेलाचं बेअरिंग २००० नंतर रुळलं. सीगेटची २००१ ची डिस्क मी पहिल्यांदा जोडली तेव्हा आवाजच नाही म्हणून ती सुरूच झाली नाही असं समजून मी वायर तीनदा बदलली होती.

रचना करणाऱ्याची खरी कसोटी त्या फटीत आहे. फट निम्मी केली तर तेलाचा ताठरपणा, म्हणजे दांड्याला जागेवर धरून ठेवायची ताकद, साधारण आठपट होतो, घर्षण मात्र दुप्पटच. मग करा की कमी? पण कमी केली की खाचा कोरताना झालेली चूक, एखादा कण, तापून फुगलेला धातू, सगळं अंगावर येतं. आणि तेल तापलं की पातळ होतं, म्हणजे ताठरपणा जातो. त्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी दांडा बाहीपेक्षा जास्त फुगेल असे धातू निवडतात. तेल पातळ होतं तशी फटही आवळत जाते. मला या सगळ्यात ही युक्ती सर्वांत आवडते.

तेल सांडत का नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार होतात. फटीचं तोंड वर हळूहळू रुंदावत नेलेलं असतं. तेल आपोआप अरुंद भागाकडे ओढलं जातं. कौलारू घरात एकमेकांवर आलेल्या दोन कौलांच्या सांध्यात पावसाचं पाणी अडकून राहतं, ते ज्या ओढीने राहतं तीच ही. रबरी सील नाही, काही नाही.

प्रश्न : गणपतीपुळ्यात आमचा छोटा होमस्टे आहे. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधल्या डिस्कचा अजिबात आवाज येत नाही, म्हणजे ती ठणठणीत ना? पावसाळ्यात लाईट दिवसातून दहादा जाते, त्याने काही होतं का? आणि डिस्क उभी ठेवावी की आडवी? (एक वाचक, गणपतीपुळे)

उत्तर : आवाज नाही म्हणजे छर्रे नाहीत, एवढंच. तेलाचं बेअरिंग बिघडेपर्यंत गप्पच असतं. डीव्हीआरच्या मेनूत डिस्कच्या तब्येतीची स्मार्ट नावाची माहिती असेल तर त्यात 'स्पिन-अप टाइम' आणि 'स्पिन रिट्राय काउंट' या दोन ओळी महिन्यातून एकदा बघा. रिट्रायचा आकडा शून्यावरून हलला तर नवी डिस्क आणा.

लाईट जाण्याने होतं. हे बेअरिंग फिरताना कशालाच टेकत नाही. टेकतं ते सुरू होताना आणि थांबताना, वेग कमी असतो तेव्हा. दिवसाला दहा वेळा लाईट गेली म्हणजे वीस वेळा थोडंसं घासणं. त्यासाठी धातूवर कडक लेप देतात, तरी घासणं ते घासणंच. डीव्हीआरला छोटा यूपीएस लावा, आणि तो पत्र्याखालच्या माळ्यावर असेल तर खाली आणा. मे महिन्यात तिथे तेलाचं काय होत असेल ते वर मिस्त्रींना सांगितलंच आहे.

उभी ठेवा, आडवी ठेवा, डिस्कला फरक पडत नाही. ती थाळी दोन्हीकडून सांभाळते. चालू असताना मात्र उचलू नका. जागा बदलायची तर आधी बंद करा, तीस आकडे मोजा, मग हात लावा.